तुळस मान का टाकते?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही मुंबईची उपनगरे. कोकणातून, देशावरून, खानदेशातून हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी इथे आली. येताना त्यांनी भांडीकुंडी आणली, देव आणले. अंगण मात्र कुणालाच आणता आले नाही. मग वृंदावनाची जागा डब्याने घेतली. चाळीच्या कठड्यावर, झोपडीच्या दाराशी, इमारतीच्या खिडकीत बघा. तेलाच्या डब्यात तुळस असते. रंगाच्या बादलीत कढीपत्ता असतो. जुन्या घागरीत मोगरा असतो.

रोप वाढते. डबा लहान पडतो. मुळे डब्याच्या भोकातून बाहेर डोकावू लागतात. मग घरातली बाई मोठी कुंडी आणते. चांगली माती भरते. हौसेने रोप नव्या कुंडीत लावते.

आणि दुसऱ्याच दिवशी रोप मान टाकते. पाने लोंबतात. खालची पाने पिवळी पडून गळतात.

रोप तुळशीचे असेल तर घरात कुजबूज सुरू होते. कुणी म्हणते दृष्ट लागली. कुणी म्हणते विटाळ झाला. नवी सून घरात असेल तर बोट तिच्याकडे जाते. बिचारी सून घाबरते. तांब्यावर तांब्या पाणी ओतते. चार दिवसांनी तुळस मरते.

अशी तुळस का मरते? तिला वाचवता येईल का? बहुतेक वेळा येते. त्यासाठी मातीखाली काय घडते ते आधी समजून घेतले पाहिजे.

रोप पाणी कसे पिते?

रोप पाणी पिते मुळांनी, हे आपण सगळे जाणतो. पण जाड मुळे पाणी फारसे पीत नाहीत. जाड मुळे रोपाला धरून ठेवतात आणि पाणी वर पोचवतात. पाणी ओढून घेण्याचे काम कोवळी, बारीक मुळे करतात. या कोवळ्या मुळांच्या टोकापाशी केसांहून बारीक लव असते. तिला मूळरोम म्हणतात. हे मूळरोम मातीच्या कणाकणाला चिकटलेले असतात आणि कणाभोवतीचे पाणी शोषून घेतात.

एका रोपाला असे मूळरोम किती असतील? १९३७ साली अमेरिकेतल्या हॉवर्ड डिटमर नावाच्या संशोधकाने ते मोजून पाहिले. त्याने राय नावाच्या धान्याचे एकच रोप घेतले. राय हे गव्हासारखे धान्य आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फुटांहून थोड्या कमी खोलीच्या पेटीत त्याने ते चार महिने वाढवले. मग माती धुऊन मुळे मोजली. सगळी मुळे एकापुढे एक ठेवली असती तर त्यांची लांबी सुमारे ६२० किलोमीटर भरली असती. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. म्हणजे एका रोपाची मुळे त्या रस्त्यावर बरीच दूर पोचली असती! आणि मूळरोम निघाले सुमारे १४०० कोटी.

एवढा पसारा एका पेटीत होता. आपल्या डब्यातल्या तुळशीचेही असेच असते. डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

आता आपण रोप डब्यातून उपसतो. मातीचा गोळा हलतो, तुटतो, झडतो. जाड मुळे शाबूत दिसतात म्हणून आपल्याला वाटते, काही बिघडले नाही. पण कोवळी मुळे तुटलेली असतात. मूळरोम तर मातीबरोबरच निघून जातात. रोपाची पाणी पिण्याची तोंडेच जातात म्हणा ना.

जमा आणि खर्च

रोपाच्या पानांवर बारीक छिद्रे असतात. ती इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. या छिद्रांतून पाण्याची वाफ सारखी बाहेर जाते. मुळांनी आणलेले बहुतेक पाणी असेच हवेत जाते. ऊन जास्त, वारा जास्त, तर हा खर्चही जास्त.

म्हणजे मुळे कमावतात आणि पाने खर्च करतात. जमा आणि खर्च जुळला की रोप टवटवीत राहते.

समजा, तुळशीची पाने दिवसाला दहा पेले पाणी खर्च करतात. मुळेही दहा पेले आणतात. हिशेब जुळला. कुंडी बदलताना निम्म्याहून जास्त कोवळी मुळे तुटली. आता मुळे आणतात चार पेले. पाने मात्र पहिल्यासारखीच दहा पेले खर्च करू बघतात. सहा पेल्यांची तूट आली. रोप मान टाकते ते या तुटीमुळे.

आपल्या घरात असेच होते. कमावता माणूस आजारी पडला, तर आपण काय करतो? त्याला उठवून कामावर पाठवत नाही. ताटात दुप्पट जेवण वाढून त्याला खायची सक्तीही करत नाही. आपण घरचा खर्च कमी करतो. त्याला विसावा देतो. बरा झाला की तो आपणहून कामाला लागतो.

रोपाचेही तसेच करायचे. खर्च कमी करायचा आणि मुळांना विसावा द्यायचा. या लेखात पुढे जे सांगितले आहे, ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

रोप जेवढे मोठे, तेवढी तूट मोठी. मेट्रोच्या कामासाठी मुंबईतली मोठी झाडे मुळांसकट काढून गोरेगावच्या आरे वसाहतीत लावली गेली. त्यांतली पुष्कळ झाडे जगली नाहीत. जुन्या झाडाची बारीक मुळे दूरवर पसरलेली असतात. खोडाजवळचा गोळा तेवढा उचलला की ती मागेच राहतात. तुळशीचे नशीब त्या मानाने चांगले. तिचा गोळा आपण सगळाच्या सगळा उचलू शकतो.

भाताची लावणी आठवा

ज्यांनी भातशेती केली आहे, त्यांना ही गोष्ट नवी नाही. कोकणात आपण भाताची रोपे आधी वाफ्यात तयार करतो. तीन-चार आठवड्यांची झाली की ती उपटतो आणि चिखलात लावतो. आरे वसाहतीतल्या पाड्यांवर अजूनही थोडीफार अशी लावणी होते.

लावणी झाल्यावर शेत कसे दिसते? पहिले काही दिवस पिवळे, मरगळलेले दिसते. नवखा माणूस म्हणेल, पीक गेले. पण शेतकरी घाबरत नाही. तो म्हणतो, "रोप अजून धरलं नाही. धरेल." आठ-दहा दिवसांत नवी पांढरी मुळे फुटतात. शेत पुन्हा हिरवे होते. मग फुटवे येतात.

कुंडीतले रोपही असेच धरायला वेळ घेते. लहान रोपाला आठवडा लागतो. मोठ्याला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा धीर धरला पाहिजे.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. भाताला पाण्यात उभे राहता येते. त्याच्या खोडातून मुळांकडे हवा पोचते. तुळशीला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला ते जमत नाही.

पाणी घालून रोप मरते, ते कसे?

मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत थोडे पाणी असते, थोडी हवा असते. आपण सारखे पाणी ओतले की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. हवा निघून जाते. मुळे गुदमरतात आणि कुजतात. मुळे कुजली की रोपाला पाणी मिळत नाही. पाणी मिळाले नाही की रोप मान टाकते.

आता घोटाळा बघा. रोपाच्या पायाशी पाणीच पाणी, आणि रोप तहानलेले! वरून बघणाऱ्याला वाटते, रोप सुकले, पाणी घाला. तो आणखी पाणी घालतो. मुळे आणखी कुजतात. दया करायला गेलो आणि जीव घेऊन बसलो, असे होते.

मग सुकलेले रोप तहानेने सुकले की पाण्याने, हे ओळखायचे कसे? पानाकडे बघून कळत नाही. मातीला विचारावे लागते. मातीत बोट दोन पेरे खुपसा. बोटाला माती कोरडी लागली तर पाणी घाला. बोटाला ओल लागली, माती चिकटली, तर पाण्याचा तांब्या खाली ठेवा.

सासूबाई म्हणतील, "अगं, तुळस सुकली. पाणी घाल की."

सुनेने बोट घालून पाहावे आणि सांगावे, "आई, माती अजून ओली आहे. उन्हानं सुकलीय ती. आपण तिला सावलीत घेऊ."

एवढ्या दोन वाक्यांत तुळस वाचते.

मातीला आंबूस वास येत असेल तर ते मुळे कुजत असल्याचे लक्षण. अशा वेळी कुंडीचे भोक मोकळे करा. कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर ठेवा. माती कोरडी होईपर्यंत पाणी बंद ठेवा.

कुंडी केवढी घ्यावी?

पुष्कळांना वाटते, एकदाच मोठी कुंडी आणू, म्हणजे पुन्हा बदलायला नको. इथेच फसगत होते.

हिशेब करून पाहू. सहा इंची कुंडीतले रोप बारा इंची कुंडीत लावले. रुंदी दोन्ही बाजूंनी दुप्पट झाली. उंचीही दुप्पट झाली. मग माती किती पट झाली? दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठपट! मुळे मात्र तेवढीच आहेत. ती मधल्या मातीतले पाणी पितात. बाकीची माती दिवसेंदिवस ओली राहते. तिच्यात हवा राहत नाही. ती आंबते. नवी मुळे तिच्यात शिरली की कुजतात.

म्हणून नवी कुंडी जुन्या कुंडीहून दोन इंच रुंद असावी. रोप चांगले जोमदार असेल तर फार तर तीन-चार इंच. सहा इंचीतून आठ इंचीत, आठ इंचीतून दहा इंचीत, अशी पायरीपायरीने बढती द्यावी.

कुंडीला तळाशी भोक हवेच. डबा असेल तर खिळ्याने चार-पाच भोके पाडा. रंगाची बादली असेल तर आधी घासून स्वच्छ धुवा. भोकावर एक खापरी उपडी ठेवा. माती वाहून जाऊ नये, एवढ्यासाठीच ती. तळाशी खडीचा जाड थर घालू नका. त्याने निचरा वाढत नाही. उलट ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते.

माती कशी असावी?

दोन भाग साधी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग नदीची जाड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घ्यावा. हातात मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचले तर फुटावा, अशी माती चांगली.

वर्सोवा किंवा गोराईच्या किनाऱ्यावरची वाळू कधी वापरू नये. ती खारी असते. तबेल्यातले ताजे शेणही कुंडीत घालू नये. ते कुजताना तापते आणि कोवळी मुळे भाजतात.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची एक अडचण असते. त्याच्या मुळांभोवती पुष्कळदा लाल चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा आपण भुसभुशीत मातीत ठेवला की पाणी भोवतालच्या मातीतून निघून जाते. आतला गोळा कोरडाच राहतो. वरची माती ओली, खालून पाणीही निथळते, तरी रोप तहानलेले! म्हणून असा गोळा लावण्यापूर्वी पाण्याच्या घमेल्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावा. कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करावी. लावल्यावर पाणी खोडाजवळ सावकाश घालावे.

कुंडी कशी बदलावी?

१. आदल्या दिवशी रोपाला पाणी घाला. ओला गोळा फुटत नाही. रोपही पोटभर पाणी पिऊन तयार राहते.

२. काम संध्याकाळी करा. रोपाला रात्रभर विसावा मिळतो.

३. नवी कुंडी आधी भरून तयार ठेवा. रोप बाहेर काढून मग माती कालवायला बसू नका. उघडी मुळे वाऱ्याने थोड्याच वेळात सुकतात.

४. खोड धरून ओढू नका. कुंडी आडवी करा, कडेने थोपटा आणि गोळा हातावर घ्या. डबा गंजलेला असेल तर सरळ कापून काढा. डब्यापेक्षा रोप मोलाचे. हात मात्र सांभाळा.

५. मुळे गोळ्याभोवती वेटोळी घालून बसली असतील तर ती बोटांनी थोडी सैल करा. काळी पडलेली, लिबलिबीत मुळे कात्रीने कापून टाका. पांढरी मुळे जिवंत असतात. त्यांना धक्का लावू नका.

६. रोप पहिल्या कुंडीत जेवढे मातीत होते तेवढेच नव्या कुंडीत ठेवा. खोड जास्त पुरले तर ते कुजू शकते.

७. माती हाताने हलकी दाबा. धुमसू नका. वर दोन बोटे जागा सोडा.

८. आता भरपूर पाणी घाला, खालून निथळेपर्यंत. त्याने माती मुळांना चिकटते. हे पाणी एकदाच. पुढचे पाणी बोटाला विचारून.

पहिले पंधरा दिवस

पहिले सात दिवस रोप सावलीत ठेवा. सावली म्हणजे काळोख नव्हे. उजेड भरपूर हवा, ऊन अंगावर नको. चाळीच्या गॅलरीत आतल्या बाजूला, भिंतीशी, अशी जागा असते. पानांना उजेड मिळाला तरच ती अन्न तयार करतात, आणि त्या अन्नावरच नवी मुळे फुटतात.

वाऱ्यापासूनही रोप जपा. पुष्कळ कुटुंबे आता झोपडीतून उंच इमारतीत राहायला गेली आहेत. दहाव्या मजल्यावर वारा सारखा वाहतो. ओले धोतर तिथे तासाभरात वाळते. तसेच पानातले पाणीही वाळते. तिथे रोप खिडकीच्या आत ठेवावे किंवा कठड्याला गोणपाट बांधून आडोसा करावा.

आठव्या दिवसापासून सकाळचे कोवळे ऊन तासभर दाखवा. रोज थोडे थोडे वाढवा. पंधरा दिवसांनी रोप त्याच्या नेहमीच्या जागी न्या.

पाने दुपारी थोडी लोंबली आणि रात्री सावरली तर चिंता नको. मुळे धरू लागली आहेत असे समजा. सकाळीही मान खाली असेल तर मात्र बोट घालून माती तपासा.

कळ्या आणि मंजिऱ्या खुडून टाका. फुले-बिया ही रोपाची चैन आहे. आजारपणात चैन परवडत नाही. मुळे फार तुटली असतील तर काही कोवळे शेंडेही छाटावेत. पण पाव हिश्श्याहून जास्त छाटू नये. सगळी पाने काढली तर अन्न कोण करणार?

रोप फारच मलूल असेल तर एक उपाय आहे. चार काड्या कुंडीत रोवा आणि वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घाला. पानांतून गेलेली वाफ पिशवीतच राहते. आतली हवा दमट झाली की पानांचा खर्च कमी होतो. रोज थोडा वेळ पिशवी काढून वारा द्यावा. पिशवी घातलेले रोप उन्हात मुळीच ठेवू नये, शिजून निघेल.

ही युक्ती जुनी आहे. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर होता. १८२९ साली त्याच्या ध्यानात आले की झाकणबंद बाटलीतल्या ओल्या मातीत रोप उगवते आणि पाणी न घालताही जगते. त्याने काचेच्या बंद पेट्या करवल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या रोपे भरून जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. महिनोन्महिन्यांच्या प्रवासानंतरही रोपे जिवंत पोचली. पुढे १८५१ च्या सुमारास अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची हजारो रोपे हिमालयाच्या उतारावर लावायला आणली गेली. जे काम वॉर्डच्या काचेच्या पेटीने केले, तेच आपली साधी पिशवी करते.

खताची घाई नको

रोप आजारी दिसले की काही जण युरियाची चिमूट टाकतात. तसे करू नये. कैरीच्या फोडींना मीठ लावले की काय होते? फोडींना पाणी सुटते. खत हेही एक प्रकारचे मीठच आहे. मातीत ते जास्त झाले की मुळांतले पाणी बाहेर ओढले जाते. तुटक्या मुळांवर खत म्हणजे जखमेवर मीठ. मातीत शेणखत घातलेले असतेच, तेवढे पुरे. नवी पालवी फुटल्यावर, साधारण महिन्याभराने, वरचे खत थोडे द्यावे.

ज्याचे त्याचे निराळे

तुळशीला निचरा फार लागतो. तिची वाढही भरभर होते. तिचे आयुष्य मात्र थोडे, साधारण दोन-तीन वर्षांचे. जुनी, लाकडासारखी झालेली तुळस बदलून जगेलच असे नाही. म्हणून तिच्या मंजिऱ्यांतले बी पेरून दुसरे रोप आधीच तयार ठेवावे.

कढीपत्ता धरायला वेळ घेतो. त्याच्या मुळांचा गोळा फोडू नये. महिनाभर नवे पान आले नाही तरी घाबरू नये.

मोगरा, जास्वंद ही सोशिक झाडे. थोडी छाटणी केली की लवकर फुटतात.

कोरफडीची रीत उलटी. ती पानांत पाणी साठवून ठेवते. नव्या मातीत लावल्यावर तिला चार-पाच दिवस पाणी घालू नये. मुळांच्या जखमा आधी सुकू द्याव्यात.

कोणत्या दिवसांत बदलावे?

मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पावसाळ्यात हवा दमट असते. पानांतून पाणी कमी उडते. म्हणून पाऊस लागल्यानंतरचे दिवस कुंडी बदलायला चांगले. पण इथे चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरांहून जास्त पाऊस पडतो. नव्या कुंडीवर तो थेट पडला तर माती चिखल होते. कुंडी वळचणीखाली ठेवावी. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचे ऊन कडक असते. त्या दिवसांत अगदी गरज असेल तरच हात लावावा.

आणखी एक गोष्ट. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. त्याने मुळे तर कुजतातच, शिवाय डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतात. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास तयार होतो. म्हणून बशी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर येऊन कुंड्या तपासतात, ते यासाठीच. त्यांना दार उघडावे.

रोप मेले की जगले?

सगळी पाने गळली तरी रोप लगेच फेकू नका. नखाने खोडाची साल थोडी खरवडा. आत हिरवे, ओलसर दिसले तर जीव आहे. फांदी तपकिरी, कडक निघाली तर ती फांदी गेली. मग खाली खाली खरवडत या. बुडाशी हिरवे असेल तर तेवढे राखून वरचे छाटा. सावलीत ठेवा. बोट घालून पाणी द्या. पेराशी हिरवा कोंब दिसला की मुळांनी माती धरली असे समजा.

सुनेला बोल नको

आता पुन्हा त्या कुजबुजीकडे येऊ. तुळस सुकली ती दृष्टीने नव्हे, विटाळाने नव्हे. बाईच्या पाळीचा आणि रोपाच्या मुळांचा काहीही संबंध नाही. मुळे तुटली म्हणून, ऊन लागले म्हणून, नाहीतर कुंडीचे भोक बुजले म्हणून तुळस सुकली. यांतले एकेक कारण आपल्याला तपासता येते. तपासून उपाय करता येतो. सुनेला बोल लावून तुळस हिरवी होत नाही. घरातले एक माणूस मात्र कोमेजते.

आणि पाहा, सूनही तुळशीसारखीच एका घरातून उपसून दुसऱ्या घरात आलेली असते. तिची मुळे मागे राहिलेली असतात. नवी फुटायला वेळ लागतो. गावाहून मुंबईला आलेल्या प्रत्येकाने हे भोगले आहे. रोपाला जी सावली आणि जो धीर आपण देतो, तो माणसालाही द्यायला काय हरकत आहे?

ध्यानात ठेवा

कुंडी दोनच इंच मोठी घ्या.
गोळा फोडू नका.
एकदा भरपूर पाणी, पुढे बोट घालून पाहूनच पाणी.
सात दिवस सावली, मग कोवळे ऊन.
महिनाभर खत नको.
धीर धरा.

विचार करून सांगा

१. माती ओली असूनही रोप का सुकते?
२. सहा इंची कुंडीतले रोप एकदम बारा इंची कुंडीत का लावू नये?
३. लावणीनंतर भाताचे शेत पिवळे का दिसते?
४. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादे रोप मलूल असेल, तर त्याच्या मातीत बोट घालून पाहा. काय आढळले ते दोन ओळींत लिहा.